कौसल्याबाईंचा न निघालेला अल्बम

आमच्या नेर गावात कौसल्याबाईंशी वाद घालायचा तर पोटभर जेवून जावं. बाई दमत नाहीत. दिवसा शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवतात आणि जयंतीच्या दिवसांत गायन पार्टी घेऊन गावोगाव भीमगीतं गातात. मी मुख्तार. माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि बाईंच्या पार्टीत मी ढोलक वाजवतो. बाईंना तोंडावर उत्तर देणारं अख्ख्या तालुक्यात एकच माणूस निघालं, ती त्यांची सून रुपाली.

काही वर्षांमागे बाईंनी स्वतः रचलेली आठ गाणी आम्ही एका स्टुडिओत रेकॉर्ड केली. स्टुडिओवाला म्हणाला, "अल्बम निघेपर्यंत ही कुठं गाऊ नका, लोक चाली चोरतात." बाईंना ते इतकं पटलं की त्यांनी सगळ्या पार्टीला शपथ घातली. स्वतःच्या घरात गुणगुणणंसुद्धा बंद! इकडे त्या भल्या माणसाचं मिक्सिंग काही संपेना. आज करतो, उद्या करतो, आणि शेवटी फोन उचलणंच सोडलं त्यानं. मला अजूनही त्याचा राग येतो. बाई मात्र निवांत. कार्यक्रमाच्या पत्रकावर त्या आपल्या नावाआधी 'अल्बम फेम' छापून घेत. मी हसलो की म्हणत, "निंघनारच हाय ना? मंग आधी छापलं त काय बिघडलं?"

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलानं, राजदीपनं कळस केला. इंटरनेटवर एक मराठी ज्ञानकोश आहे, त्यात कुणालाही लिहिता येतं. तिथं त्यानं आईच्या अल्बमचं पान उघडलं. पुरावा म्हणून जोडलं काय, तर आमचंच पत्रक! बाई मोबाइल घेऊन गल्लीभर फिरल्या. माझ्या दुकानात आल्या तेव्हा लांबूनच दाखवला, कारण माझे हात ग्रीसचे. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

थोड्याच दिवसांत त्या पानावर सूचना लागली, हे पान काढून टाकावं का, चर्चा करा. सूचना लावणारी कोण, तर त्याचीच बायको रुपाली. ही मुलगी आधीपासून त्या ज्ञानकोशात तालुक्यातल्या गावांबद्दल लिहीत आली आहे, आणि कच्च्या माहितीची तिला भारी चीड.

बाईंनी मला पंच म्हणून घरी बोलावलं. चहा यायच्या आधीच सुरुवात झाली.

"मुख्तारभाऊ, तुमीच सांगा. सुनेनं सासूचं पान काढाव काय?"

"आई, तुमचं नाही, अल्बमचं," रुपाली म्हणाली. "तो निघाला नाही. त्याच्याबद्दल कोनं दोन ओळी लिवल्या नाहीत. पत्रक त आपनच छापलं."

"मुख्तारभाऊनं आयकला ना!"

"मी वाजवला, बाई," मी म्हणालो. "आपल्या ढोलकीची साक्ष आपणच कशी द्यायची?"

बाई चिडल्या. मग एकदम त्यांचा आवाज उतरला. "पोरी, माह्यं वय झालं. आता पानबी गेलं त ही गानी होती, हे कोनाले समजन?"

"तुमी गायल्या त समजन. लपवून ठेवून कोनाले समजन?" रुपाली म्हणाली. "एका घरात राहून मलेच मालूम नाही त्याच्यात काय हाय ते."

बाई उठून आत गेल्या. मी चहा पिऊन गुपचूप निघालो.

पान काढलं गेलं. त्यानंतर एका पौर्णिमेला विहारात कार्यक्रम होता. नेहमीचं एक गीत झालं आणि बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मुख्तारभाऊ, आता आपली आठ धरा." माझे हात क्षणभर ढोलकवर नुसतेच राहिले. मग वाजवलं, आणि काय वाजवलं! बायांनी तिसरं गाणं दोनदा गायला लावलं.

आठवं गाणं एका सासूचं होतं. तिला अक्षर येत नव्हतं. नवी सून आली, रोज रात्री भांडी झाल्यावर सासूचा हात धरून पाटीवर गिरवून घेऊ लागली, आणि एक दिवस सासूनं आपलं गाणं आपल्या हातानं लिहिलं. नाव कुठंच नव्हतं. पण विहारातल्या सगळ्या माना रुपालीकडे वळल्या.

कार्यक्रम संपल्यावर ती डोळे पुसतच आली.

"आई, मी काहून काढाले लावलं ते पान?"

"बरं केलं," बाई घाम पुसत म्हणाल्या. "पान राह्यलं असतं त मी अजूनबी अल्बमचीच वाट पाह्यत बसली असती. अन् जिच्यावर गानं लिवलं, तिनंच आयकलं नसतं."