सहावं पातं

ज्या मिनिटाला मल्लूअण्णांनी मला इंजिनच्या धुरात हात धरायला लावला, त्या मिनिटाला माझं इंजिनिअरिंग संपलं.

आज सकाळी अण्णांना वळसंगला माती देऊन आलो. घरी गेलो नाही. सोलापुरात, त्यांच्या वर्कशॉपमध्ये बसून लिहितोय. बसून म्हणजे काय, दोन ओळी लिहितो, उठतो, फेऱ्या मारतो.

सेकंड इयरला मित्रांसोबत उजनीच्या बॅकवॉटरला गेलो होतो. लाँच काठावर आली तीच पांढरा धूर सोडत. मी लगेच पुढं. "हेड गॅस्केट गेलं!"

इंजिनवर वाकलेला म्हातारा मान वर न करता म्हणाला, "लांबनं सांगायलास. डॉक्टर हायस काय? हात धर धुरात."

धरला.

"वल्ला झाला का चिकट?"

"ओला."

"वास?"

"डिझेलचा नाही."

"मग वाफ हाय ती. आता मागची पाण्याची धार बघ. करंगळीएवढी पडायली. इंजिन पान्याला तानेलं हाय, आन् तू गॅस्केट सांगायलास."

पंप उघडला. आतला रबरी पंखा फाटलेला. हाच पंखा तलावाचं पाणी ओढून इंजिन गार ठेवतो. सहा पात्यांतली तीन तुटून पाइपात वाहून गेलेली. अण्णांनी ते तुकडे शोधून, पंख्याला उरलेली तीन पातीही कापून, चहाच्या डब्याच्या झाकणात फुलासारखी मांडली. सहा.

"सहा भरल्याबिगर पंपाचं झाकण लावायचं न्हाय. राहिलेला तुकडा कुटंतरी वाट अडवतोयच."

पुढच्या सोमवारी मी कॉलेजला निघालो आणि वर्कशॉपला पोचलो. ते कायमचंच.

त्याच लाँचवर स्नेहल तिकिटं फाडते. मालक भारतकाकांची मुलगी. मी कुणावर तरी ओरडलो की म्हणायची, "ओ मेकॅनिक, इंजिन आणि तुम्ही दोघं एकदमच तापता की!"

तीन वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली. यापेक्षा जास्त ती कधी काही बोलली नाही. मीही नाही.

मागच्या महिन्यात लाँच परत तापली. अण्णांना बरं नव्हतं, मला एकट्याला पाठवलं. रेल्वेनं कुर्डुवाडी, पुढं वडापची जीप. काठावर पोचलो तर तिकिटाच्या टेबलावर स्नेहल नाही.

खलाशी म्हणाला, "ताईला बघायला पाव्हणे आल्यात."

माझं डोकं फिरलं.

पंप उघडला. पाच पाती मिळाली, ती हत्यारांच्या पेटीत टाकली. सहावं शोधायला पुढचा पाइप काढावा लागणार होता. अर्ध्या तासाचं काम.

नाही काढला. नवा पंखा बसवला, झाकण आवळलं आणि त्यांच्या घरासमोर जाऊन उगाच उभा राहिलो.

संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "किती मिळाली?"

"सहा."

चौथ्या दिवशी भर पाण्यात लाँच तापून बंद पडली. पंधरा माणसं, त्यात दोन लेकुरवाळ्या. मच्छीमारांनी दोर लावून ओढत आणली. कुणाला काही झालं नाही. झालं असतं.

अण्णांनी परत तेच विचारलं. हळू आवाजात. "किती मिळाली हुती रं?"

"सहा म्हटलं ना! विश्वास नसेल तर दुसरा पोरगा बघा!"

पाना फेकला आणि निघून आलो.

अण्णांचे दोन फोन आले. उचलले नाहीत. तिसरा आला नाही.

आज मातीला भारतकाका भेटले. म्हणाले, "अण्णा मागच्या आयतवारी आलते. एकटेच. धाप लागलेली. पाइप खोलून तुकडा काढला न् म्हणले, माज्याच हातनं राहिलं, माफी करा. शेवटी शेवटी हात चुकाय लागला हुता बग म्हाताऱ्याचा."

चार माणसांनी माना हलवल्या.

आणि मी गप्प उभा राहिलो. मातीच्या जागी. गप्प.

आत्ता वर्कशॉप उघडलं तर टेबलावर तेच झाकण. त्यात पाती मांडलेली. सहा. एका पात्यावर अजून गाळ आहे.

म्हणून ही पोस्ट. अण्णांना ओळखणाऱ्या प्रत्येकानं वाचावी.

अण्णांचा हात चुकला नव्हता. चाळीस वर्षांत एकदाही नाही. तो हात माझा होता. पाच मिळाली होती आणि मी सहा सांगितली.

पोस्ट करून थांबणार नाही. झाकण खिशात घातलंय. दुपारच्या गाडीनं निघतोय. भारतकाकांसमोर हे तोंडानं सांगायचंय, स्नेहलसमोरच. त्यानंतर ते मला त्या काठावर पाय ठेवू देणार नाहीत, माहितीय. तिचं ते वाक्यसुद्धा परत ऐकायला मिळणार नाही.

चालेल.

अण्णा, पाच होती. तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही माझ्या तोंडून ऐकायला दोनदा फोन केलात.

येतो अण्णा. नमस्कार करतो.

शटर रोज तुम्हीच ओढायचात. आज मी बाहेर येऊन ओढलं. कुलूप लावलं.