पाककृतींच्या मागे ठेवलेला प्रबंध

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — घरी नाही, मैत्रिणींना नाही. सांगण्यासारखं तरी काय आहे त्यात? एक ग्रंथालय, एक जुना लघुप्रबंध आणि एक नीच बाई. ती मी.

नाशिकच्या एका कॉलेजात मी गृहविज्ञान शिकवते. संशोधनासाठी संदर्भ कसे शोधायचे, हेही नव्या मुलींना मीच सांगते — आणि त्या माना डोलावत लिहून घेतात. हसू येतं मला. कोणाकडून शिकताय गं बायांनो?

सात-आठ वर्षांपूर्वी पीएच.डी.साठी आम्ही दोघी आराखडा लिहीत होतो, मी आणि यमुना. ती सुरगाण्याहून यायची. माझा विषय नोकरदार बायकांचं वेळेचं नियोजन — शंभर जणींनी चघळलेला चोथा. तिचा मात्र जिवंत: आईबाप मजुरीला परगावी गेले की मागे घर कोण चालवतं? बाराव्या वर्षी तिने स्वतः चालवलं होतं, धाकट्या तीन भावंडांसकट. मला तिचा हेवा वाटायचा — आणि तो मी कीव म्हणून मिरवायचे. बिचारी, हिला संदर्भसूचीसुद्धा लिहिता येत नाही, असं.

आमच्याकडे विषयावर आधी कुणी केलेलं काही काम दाखवता आलं नाही, तर आराखडा समितीपुढे टिकत नाही. आणि नेमका तिच्या विषयावरचा एक लघुप्रबंध ग्रंथालयात होता. टाइप केलेला, काळ्या बांधणीचा, संगणकात नोंद नसलेला. तो तिच्याआधी माझ्या हाती लागला. घरी न्यायची परवानगी नव्हती. मग मी काय केलं? — सांगतेच आता. पाककृतींच्या पुस्तकांमागे सरकवून दिला. आमच्या विभागातल्या विदुषी तिकडे ढुंकूनही बघत नाहीत, कमीपणा येतो ना त्यांना.

एवढ्यावर थांबले असते तरी — पण नाही. तीन दिवस मी तिच्याबरोबर संदर्भ शोधले. स्टुलावर चढून धूळ झटकली, तिला चहा पाजला. किती निर्लज्ज असावं माणसाने?

समितीने तिला पाच मिनिटांत परत पाठवलं. संदर्भच नाहीत तर पाया कसला, म्हणाले. त्या शहाण्यांपैकी एकानेही सुरगाण्यात पाऊल टाकलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी माझा चोथा टाकून तिचाच विषय मी मांडला, तोच लघुप्रबंध पहिला संदर्भ म्हणून दाखवून. तेव्हा माझ्या चिकाटीचं कौतुक झालं. माझ्या नावाआधी आज डॉक्टर लागतं, ते त्या जोरावर.

यमुनाने पुन्हा अर्ज केला नाही. त्या दिवशी समितीच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा रडलीही नाही. पिशवी खांद्याला लावली आणि माझा हात धरला.

"ताई, तुम्ही माझ्यासाठी लय शोधलं. दुसऱ्या कोणी एवढं नसतं केलं."

मी म्हणाले, "नव्हतंच गं कुठे."