कीबोर्डवरचं पाणी

मी कीबोर्डवरून हात काढला आणि नानांच्या बायकोनं त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. शिंपडलं नाही. ओतलं. खोलीभर शेतकरी बसले होते. पडद्यावर करपा पडलेल्या केळीच्या पानाचा फोटो होता. त्याच्याखाली एकच अक्षर सरसर उमटत सुटलं, मग सगळंच थिजलं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी शेती खात्यात सहायक होतो. फैजपूरकडची केळीची गावं माझ्याकडे होती. खात्यानं एक कॉम्प्युटर दिला, सोबत एक सीडी. केळीवरचे रोग, खतं, ठिबकचं पाणी, सगळं त्यात चित्रांसकट. गावोगाव न्यायचं आणि दाखवायचं, हे माझं काम. पंचायतीत लाइटचा भरवसा नाही म्हणून साहेबांनी मशीन गावच्या विकास सोसायटीच्या चेअरमनच्या घरी मांडायला सांगितलं. ते चेअरमन म्हणजे नाना. आम्ही बौद्ध. हे नानांना विचारावंही लागलं नाही, माझं आडनाव पुरलं.

खोकी जीपच्या ड्रायव्हरनं आत नेली. मशीनला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. मला अंगणात उभं केलं.

नाना म्हणाले, "तू बाहीरूनच सांग. आमचा शरद बटनं दाबीन."

शरद त्यांचा मुलगा, जळगावला कॉलेजात होता. मी खिडकीतून सांगत गेलो, तो दाबत गेला. मध्येच मशीन अडकलं. त्याला काही सुधरेना. लोक कंटाळून उठायला लागले, तेव्हा नानांनीच मला आत बोलावलं. मी चपला काढून गेलो, दोन बटनं दाबली, पान दिसलं. हात काढला. मग ते पाणी.

राग आला असं लिहायला मला आवडलं असतं. आला नाही. काहीच वाटलं नाही. मी खिशातून रुमाल काढला आणि कीबोर्ड पुसायला लागलो.

"तुह्याच हातानं बिघाडलं ते," नाना म्हणाले.

मी मान डोलावली. हो, डोलावली.

जीप पुढच्या गावाला गेली होती. कीबोर्ड पिशवीत घालून मी एसटीनं निघालो. पिशवी मांडीवर होती, त्यातून पाणी झिरपत होतं, पँट ओली झाली. कंडक्टरनं विचारलं काय आहे. मशीन आहे, पाणी गेलंय, म्हणालो. मग कामातून गेलं, असं म्हणत त्यानं तिकीट फाडलं.

यावल मागं पडलं तरी कंडक्टरचे ते शब्द डोक्यातून जाईनात. पाणी पडलं आणि यंत्र तिथल्या तिथं बंद पडलं. त्यानं कोणाची समजूत घातली नाही. माझ्यामागं शाळेपासून पाणी ओतलं जात होतं. बाकावर, ओट्यावर, पितळी पेल्यावर. आणि मी दर वेळी चालूच राहिलो होतो.

पुढच्या आठवड्यात जळगावला मीटिंग होती. साहेबांनी आधी मला बाजूला घेतलं. चेअरमनला दुखवून कार्यक्रम चालायचा नाही, तेव्हा माझी चूक झाली असं मी म्हणावं, पुढचं साहेब सांभाळून घेतील. एरवी हुकूम सोडणारा माणूस त्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलत होता. मीटिंगमध्ये माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो.

"माझा हात लागला म्हणून त्यांनी पाणी ओतलं. पाण्यानं मशीन बंद पडलं. माझी चूक नाही."

कोणीतरी खोकलं. साहेबांनी चहा मागवला.

बदली झाली धुळ्याकडे, साक्रीच्या गावांत. तिथंही वर्षभरानं कॉम्प्युटर आला. सरपंचांनी आपलं घर पुढं केलं. मी जीपमधून उतरलो नाही. आत मी बसणार का, शेतात राबणाऱ्या आदिवासी बाया बसणार का, एवढंच विचारलं.

सरपंच हसले. "पहिले मशीन बठू द्या, मंग तुमनं देखू."

मी ड्रायव्हरला जीप वळवायला सांगितली. माझ्यामागं जिथं पाणी ओततात, तिथं मी एक अक्षर शिकवणार नाही. त्यांचं पीक हातचं गेलं तरी नाही.