मामीची गोळी

आमची खांदा कॉलनीतली मामी उभ्या उभ्या झोपायची. हातात लाटणं, तव्यावर पोळी आणि बाईचे डोळे मिटलेले. करपल्याचा वास आला की दचकून म्हणायची, "झोपले नव्हते गं, नुसते डोळे मिटले होते." घरात हशा पिकायचा. तिच्या धाकट्या मुलानं तर नव्या मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवला. मला कधी हसू आलं नाही.

मामीच्या पाठीत उसण भरायची. भरली की वाकलेली बाई वाकलेलीच. डॉक्टरांकडे मामा आणि मीच तिला घेऊन गेलो. त्यांनी स्नायू सैल करणारी गोळी दिली आणि स्वच्छ सांगितलं, "रात्री घ्या. गुंगी येईल, गरगरेल. घेतली की आडवं व्हायचं. गॅसजवळ जायचं नाही." मामानं मान डोलावली. घरी आल्यावर मुलांना त्यानं एवढंच सांगितलं, "गोळी घेतली की हिला कामाला मोकळं वाटेल."

झालं! पाहुणे असोत, सणवार असोत, मुलांचे ऑफिसचे डबे असोत, मामी जरा कण्हली की घरातून एकच सूर, "अगं, गोळी घे ना!" आणि मामी म्हणायची, "एवढ्या पोळ्या होऊ देत, मग पडते." त्या मेल्या पोळ्या काही संपल्या नाहीत.

मग एकदा मामालाच उसण भरली. साधी तुळशीची कुंडी उचलताना! केवढा आरडाओरडा. डॉक्टरांनी तीच गोळी दिली. आठवडाभर मामा गादीवर आणि मामी त्याची पाठ शेकायला. तो जरा उठू लागला तर म्हणाली, "अहो, पडून राहा. या गोळीवर काम करायचं नसतं."

मी बघतच राहिले. "म्हणजे तुला ठाऊक आहे, मामी?"

"न कळायला काय झालं? मीही तिथेच बसले होते ना." परातीत पीठ घेत ती म्हणाली, "पण माझ्याऐवजी ओट्याशी कोण उभं राहणार, ते डॉक्टरांनी कुठं सांगितलं?"

त्या वर्षी गौरी जेवायच्या दिवशी सकाळीच गोळी घेऊन मामी पुरण वाटायला उभी राहिली. तिथंच भोवळ येऊन कोसळली, डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. हॉस्पिटलातून ती परत आली नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मामा डोळे पुसत सांगत होता, "गोळीनं घात केला हो!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यांदेखत म्हटलं, "मामा, गोळी तिला झोप म्हणत होती. ऊठ कोण म्हणत होतं?"

मामानं सासरहून आलेल्या लेकीला हाक मारली, "पाहुण्यांना चहा टाक गं." ती डोळे पुसत उठली.