ताईंचा चौथा टर्बो

माझ्या नणंदेच्या गाडीवर दोन्ही बाजूंनी पिवळ्या-लाल ज्वाळा रंगवलेल्या होत्या. बावन्न वर्षांची बाई, केसांचा घट्ट अंबाडा, चष्म्याला दोरी, हातात डबा, आणि ती उतरायची ती अशा पेट घेतलेल्या गाडीतून. बघणारे आधी गाडीकडे बघायचे, मग ताईंकडे, मग परत गाडीकडे. ताई मात्र कोणाकडेच बघायच्या नाहीत. कुलूप लावायच्या आणि चालू पडायच्या.

गाडी त्यांनी व्यायामशाळेच्या एका मास्तराकडून घेतली होती. त्याने हौसेने तिच्यात मूळच्यापेक्षा मोठा टर्बो बसवला होता, सायलेन्सर रुंद केला होता, बूड जमिनीला टेकेल इतकं खाली आणलं होतं. पुढे त्याला जुळी मुलं झाली आणि हौस आपोआप फिटली. मी म्हटलं, "ताई, निदान त्या ज्वाळा तरी पुसून घ्या." तर म्हणाल्या, "कशाला? लांबून दिसते. शोधत बसायला नको."

ही असली गाडी त्यांना हवी होती त्याला कारण होतं. ताई डायलिसिसच्या मशीनवर काम करतात. ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत त्यांचं रक्त एका नळीने बाहेर घ्यायचं, मशीनमधून धुऊन दुसऱ्या नळीने परत आत सोडायचं. एकोणीस वर्षं हेच काम. केंद्र गावात होतं तोवर त्या चालत जायच्या. मग ते डोंगरापलीकडच्या नव्या इमारतीत गेलं. पहिल्या पाळीचे सहा पेशंट सकाळी सहाला मशीनला लागतात आणि पहिली बस साडेसहाला सुटते. मधे अकरा किलोमीटरचा उभा चढ. ताईंची आधीची छोटी गाडी त्या चढावर दम्याच्या रोग्यासारखी धापा टाकायची. ही ज्वाळावाली मात्र चढ आला की खूश व्हायची.

मी गॅरेजवाल्याची बायको. सुट्या भागांचं कपाट आणि फोन माझ्या ताब्यात असतात, म्हणून एवढं मलाही कळतं की टर्बो म्हणजे एंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो एंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून गाडीला जोर येतो. मिनिटाला लाखभर फेरे घेतो बापडा. एवढं फिरायचं तर त्याच्या बेअरिंगला सतत तेल लागतं. क्षणभर जरी मिळालं नाही तरी तो मरतो, आणि गुपचूप मरत नाही.

ताईंचा पहिला टर्बो चौथ्या महिन्यात मेला. चढाच्या मध्यावर भोंग्यासारखा ओरडला, मागे निळ्या धुराचा लोट निघाला. मागून येणाऱ्या दूधवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून गाडी थांबवली आणि पाण्याची बादली घेऊन धावला. त्याला ज्वाळा खऱ्या वाटल्या होत्या.

गाडी अर्थातच आमच्या गॅरेजात आली. आमचे हे म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. सेहेचाळीस वर्षांचे आहेत, पण ताई अजून 'बाळ्या' म्हणतात. बाकी सगळे त्यांना 'कोरडे उस्ताद' म्हणतात, कारण ह्यांच्या हातून गेलेल्या गाडीखाली तेलाचा एक थेंब सापडत नाही. हा ह्यांचा जीव की प्राण. प्रत्येक जोडावर गॅस्केटची लाल पेस्ट, सुकून रबर होते ती, बोटाने फिरवणार, पुसणार, परत फिरवणार. गिऱ्हाईक पांढरी चादर घेऊन आलं तरी ह्यांची हरकत नाही, अंथरा म्हणतील एंजिनाखाली.

"गाडी आली तेव्हा गळणारा जोड तेवढा मी बंद केला होता. बाकी टर्बो जुनाच होता, गेला," हे म्हणाले आणि दुसरा बसवला. तो सात आठवडे चालला.

मग ह्यांनी कारण शोधलं. "ताई, तू गाडी तापलेली असताना एकदम बंद करतेस. दोन मिनिटं नुसती चालू ठेव, मग किल्ली फिरव." ताईंनी दुसऱ्या दिवसापासून केंद्राच्या दारात घड्याळ लावून दोन मिनिटं बसायला सुरुवात केली. तेलही ह्यांनी सांगितलं तेच, सांगितलं त्याच्या आधीच बदललं. तिसरा टर्बो एकोणीस दिवसांत गेला.

"तू रेटतेस गाडी," हे म्हणाले.

झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. ताईंच्या घरी भावोजी म्हणाले, बायकांनी असल्या गाड्यांच्या नादी लागू नये. भावोजींना स्वतःला गाडी येत नाही, त्यामुळे गाडी कशी चालवावी याबद्दल त्यांची मतं फार पक्की आहेत. नातेवाइकांत चर्चा झाली, आणि ती चर्चा कोणी पसरवली हे आता सांगूनच टाकते: मी. ह्यांनी घरी म्हटलेलं मी फोनवर चार जणींना सांगितलं. ताई फार जोरात चालवतात हो. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी कधी त्यांच्या शेजारी बसले होते का? एकदाही नाही.

तिसरा टर्बो गेला त्या दिवशी ताई वाळूच्या ट्रकमध्ये पुढे बसून केंद्रावर पोचल्या. चाळीस मिनिटं उशीर. सहा माणसं दंडाच्या बाह्या वर करून बाकावर बसलेली. केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांनी आवाज न चढवता सांगितलं, "पुन्हा एकदा असं झालं तर पहिली पाळी दुसऱ्याला द्यावी लागेल. तुम्ही दुपारी भांडाराचं बघा." भांडार म्हणजे सलाइनची खोकी मोजायची, रक्ताशी आणि माणसांशी संबंध नाही. ताईंचा चेहरा कसा झाला असेल ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, बरंच आहे की, सुटल्या.

तो आठवडा मिळेल त्या ट्रकने काढून पुढच्या रविवारी ताई गॅरेजात आल्या. चौथा टर्बो टेबलावर खोक्यात होता. हे हात पुसत म्हणाले, "हा शेवटचा. हा बसवतो, आणि चालतेय तोवर गाडी विकून टाक. ताई, राग मानू नकोस, पण तुला ही गाडी झेपत नाही."

मीही शहाणपणा केला. "खरंच ताई, दुपारची पाळी काय वाईट आहे? आरामात उठाल."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "त्या सहा जणांत एक शिंपीकाका आहेत. त्यांच्या हाताची शीर माझ्याशिवाय कोणाला पहिल्या फटक्यात सापडत नाही. दुसऱ्या कोणी लावलं की तीन-तीनदा टोचतात. मी आरामात उठू, आणि त्यांनी टोचून घ्यायचं?"

ताई स्टूल ओढून ह्यांच्या समोर बसल्या. "आधीचे तीन टर्बो कुठे आहेत?"

"भंगारात गेले."

"नाही हो, कपाटाखाली आहेत तिन्ही," मी बोलून गेले. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी असती तर माहेरी गेली असती.

ताईंनी तिन्ही टर्बो वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. पंखा बोटाने हलवला तर तिन्ही दांडे खिळखिळे, जळून निळे पडलेले. "ह्याला तेल कुठून येतं?"

ह्यांनी लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. एंजिनातून हा बारीक पाइप येतो, तो मधून पोकळ असलेल्या ह्या बोल्टने टर्बोला जोडायचा. तेल वरून आत येतं, खालच्या जाड पाइपने परत जातं.

"येतं हे तू बघितलंस?"

"बघायचं काय त्यात? एंजिनात तेल काठोकाठ आहे."

"टाकीत पाणी काठोकाठ असतं रे, म्हणून नळाला येतंच असं नाही." ताईंनी चष्मा नाकावर नीट बसवला. "हे बघ बाळ्या, आमच्याकडे मशीन ओरडलं की नवीन लागलेले म्हणतात, पेशंटने हात हलवला असेल. पेशंट बिचारा झोपलेला असतो. मी म्हणते, आधी नळी बघा. पेशंटला बोलणं फार सोपं असतं, कारण तो आडवा असतो. मी महिनाभर ऐकून घेतलं. दोन मिनिटं थांब म्हणालास, थांबले. तेल बदल म्हणालास, बदललं. आता मी सांगते ते तू कर. तो पाइप काढ."

"म्हणजे माझं काम चुकलं म्हणतेस?"

"मी काहीच म्हणत नाही. पाइप काढ."

"वीस वर्षांत कोणाची हिंमत झाली नाही असं..."

"काढतोस की पाना देतोस?"

ह्यांनी हाताची घडी घातली. ताई उठल्या, भिंतीवरचा एक पाना उचलला आणि बॉनेटखाली वाकल्या. पाना बोल्टवर घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. ह्यांच्याने राहवेना. माणूस कितीही रागावलेला असो, बोल्टची कड झिजताना बघवत नाही ह्यांना. "तो नको," हे भिंतीकडे बघत म्हणाले. "सतरा नंबर घे."

सतराने बोल्ट सुटला. ताईंनी तो पुसला आणि उजेडाकडे धरून डोळ्याला लावला. आरपार दिसायला हवं होतं, दिसलं नाही. त्यांनी पर्समधून केसांचा आकडा काढला, सरळ केला आणि भोकात घातला. दुसऱ्या बाजूने, टूथपेस्ट निघावी तसा, लाल रबराचा एक तुकडा बाहेर आला आणि त्यांच्या तळहातावर पडला.

आमच्या गॅरेजात तो लाल रंग सगळ्यांना ओळखू येतो.

ताईंनी वर्तमानपत्रावरचे टर्बो एकेक करून उचलले आणि तेल जिथून आत जातं त्या तोंडात आकडा फिरवला. पहिल्यातून जोंधळ्याएवढी लाल कणी निघाली. दुसऱ्यातून दोन-तीन. तिसऱ्याचं तोंड जवळजवळ लिंपलेलं होतं. दर खेपेला हे जास्त काळजी घेत होते ना! बहिणीची गाडी, गळता कामा नये, म्हणून दर खेपेला पेस्ट थोडी जास्त. जोड दाबला की जास्तीची पेस्ट आत सरकायची, सुकायची आणि तेलाची वाट अडवायची. अति तिथे माती, दुसरं काय.

हे टायरवर बसले आणि लाल कण्या बोटाने उलटसुलट करत राहिले. मला दया यायला हवी होती. खरं सांगते, आली नाही. मला संताप आला, ह्यांचा आणि त्याहून जास्त माझा. महिनाभर एका बाईला आम्ही घरबसल्या दोषी ठरवलं होतं, आणि ती गाडी धावत होती तोवर रोज पहाटे केंद्राच्या दारात घड्याळाकडे बघत दोन मिनिटं बसत होती.

"चौथा बसव," ताई म्हणाल्या. "पेस्ट नाही. नुसते तांब्याचे वॉशर."

"थोडं गळेल."

"गळू दे."

"माझ्या गॅरेजची गाडी गळत नाही, ताई."

"तुझ्या गॅरेजची गाडी चालतही नाही."

कोरडे उस्ताद उठले. पाइप, बोल्ट, सगळं धुतलं, हवेने फुंकलं. जोडण्याआधी ताईंनी पाइपाचं टोक एका रिकाम्या डब्यात धरलं आणि ह्यांना एंजिन फिरवायला लावलं. डब्यात तेलाची धार पडली तेव्हाच त्या बाजूला झाल्या. चौथा टर्बो आज दोन वर्षं फिरतोय. जोडाशी किंचित ओल असते. ताई ती बघतात आणि तशीच सोडून देतात.

पण त्या रविवारी त्या निघता निघता दारात थांबल्या. "बाळ्या, अजून कितीजणांना बसवलेस तू टर्बो?"

"असतील चारेक."

"परत आले कोणी?"

हे पाना पुसू लागले. फोन मी घेते, तेव्हा उत्तर मलाच द्यावं लागलं. "दोघं आले होते. त्यांना सांगितलं, सावकाश चालवा."

"सगळ्यांना फोन कर. बोलावून घे."

"ताई, नाव जाईल माझं," हे कळवळून म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"इतके दिवस मला म्हणत होते तेच म्हणतील. होते सवय." आणि त्या गेल्या.

सोमवारी सकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना माझ्या फोनवर ताईंचा निरोप आला. पोचले, सहाही जण आलेत. नऊला गॅरेज उघडताना हे म्हणाले, "तू फोन करू नकोस. मी बघतो सावकाश, वेळ बघून." ह्यांची वेळ बघून म्हणजे काय ते मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कळलं होतं. हे एका गाडीखाली शिरले, आणि मी वही उघडून पहिला नंबर लावला.

नंबर बेकरीवाल्याचा होता. त्याची माल पोचवायची गाडी त्याची बायको चालवायची. दोन टर्बो गेले, आमच्याकडून सावकाश चालवण्याचा सल्ला मिळाला, आणि त्याने तिच्याकडून किल्ली काढून घेऊन पगारी ड्रायव्हर ठेवला होता. फोन त्यानेच उचलला. मी म्हटलं, "वहिनींना द्या."

"गाडीचं असेल तर मला सांगा. ती आता चालवत नाही."

"म्हणूनच त्यांना द्या."

ती फोनवर आली. मी एका दमात सांगितलं की गाडी तुम्ही बिघडवली नव्हती, आम्ही बिघडवली होती. तेलाच्या वाटेत आमची पेस्ट अडकलीय. गाडी आणा, आम्ही नीट करून देतो. तुमच्या चालवण्यात काही खोट नव्हती.

पलीकडून नुसते पत्र्याचे ट्रे आपटल्याचे आवाज येत राहिले. मला वाटलं, आता शिव्या पडणार, आणि पडायलाच हव्यात.

"थांबा हं," ती म्हणाली. "स्पीकर लावते. आता परत सांगा सगळं. जरा मोठ्याने, भट्टीपाशी ह्यांना ऐकू येत नाही."

मी खुर्चीवरून उठले, आणि बेकरीलाच काय, आमच्या सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पहिल्यापासून सांगितलं.