हिरव्या दगडातले लाल दाणे

एकतीस वर्षं त्यांनी लोकांचे दात केले. डॉक्टरांकडून मापं यायची आणि हे मागच्या खोलीत बसून कवळ्या घडवायचे, घासायचे, चकाकवायचे. सगळे त्यांना कवळीकाकाच म्हणायचे. रस्त्यात एखादं म्हातारं माणूस हसून पुढे गेलं की ते बायकोच्या कानात सांगत, "वरचे माझे आहेत. खालचे दुसऱ्या कुणीतरी बिघडवलेत."

निवृत्तीनंतर हात गप्प बसेनात. मागच्या बंद गॅलरीत त्यांनी दगड घासायचं यंत्र बसवलं: एक मोटर, तिच्यावर फिरणारी चकती आणि थेंबथेंब पाणी सोडणारी नळी. साधे दगड वर्षभरात हाताखालून गेले, मग नाद लागला तो नाठाळ दगडांचा. हे दगड अर्धे मऊ, अर्धे कठीण. घासायला घेतले की मऊ भाग भराभर झिजतो, कठीण दाणे जागचे हलत नाहीत, आणि दगड गुळगुळीत होण्याऐवजी अंगभर पुरळ उठल्यासारखा दिसतो. काकांनी चुकतमाकत त्यावर तोड काढली होती. हिऱ्याची पूड बसवलेली चकती नवी हवी, हात अगदी हलका हवा, आणि शेवटच्या चकाकीला मऊ कापडाऐवजी कडक लाकडी चकती हवी. पण सगळी मदार बोटांवर. दर थोड्या वेळाने दगड पुसायचा आणि वरून बोट फिरवायचं. डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटाला कळायचा.

मग आजार आला. पोटातली गाठ काढली, पुढे सहा महिने शिरेतून औषधं चालली. आजार गेला. "बाबा, सगळे रिपोर्ट स्वच्छ!" मुलगी फोनवर हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. "बरं झालं," ते म्हणाले आणि फोन बायकोच्या हातात देऊन चहा प्यायला बसले.

औषधांनी बोटांची टोकं मात्र बधिर केली होती. शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टर म्हणाले, "संवेदना परत येईलही, नाहीही." बोटांचं काकांनी डॉक्टरांना सांगितलं होतं. बाकीचं सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? दुखत नव्हतं, भीती वाटत नव्हती. मुलीने आपल्या बाळाला आणून मांडीवर ठेवलं तेव्हा ते "गोड आहे" म्हणाले, कारण तसं म्हणायचं असतं.

एका दुपारी, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून, त्यांनी आजाराआधी आणलेला दगड काढला. अक्रोडाएवढा, हिरवा आणि मऊ. आत लाल, कठीण दाणे. घासता घासता खालच्या तबकातलं पाणी गुलाबी झालं. दाण्यांचा रंग सुटतोय की काय, असं वाटून ते बराच वेळ बघत राहिले. तेवढ्यात बायको कपडे वाळत घालायला आली.

"अहो! बोट बघा!"

मधल्या बोटाची कातडी चकतीने सोलून काढली होती. त्यांना पत्ताच नव्हता.

तिने पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी स्टूल घेऊन शेजारी येऊन बसली. "एकट्याने नाही घासायचं. मी तपासते, तुम्ही घासा."

"तुला जमेल?"

"दगडातलं ओ की ठो कळत नाही. पण शिवण शिकवण्यात जन्म गेलाय माझा. कापडाची उलटी-सुलटी बाजू डोळे मिटून सांगते."

काकांनी दगड लाखेने काडीच्या टोकाला चिकटवला, म्हणजे बोटं चकतीपासून लांब राहतील. ते एकेक जास्त बारीक चकती लावून घासायचे, ती बोट फिरवायची. "इथे सुरकुती आहे." "इथे शिवण वर आलीय." आणि काकांना नेमकं कळायचं.

नवव्या दिवशी, शेवटून दुसऱ्या चकतीवर, मधोमध असलेला मोठा दाणा निखळून पडला. वाटाणा मावेल एवढा खड्डा.

"पडला," काका म्हणाले आणि मोटर बंद केली.

"एवढंच? नऊ दिवस घातले हो आपण! काहीच नाही वाटलं तुम्हाला?"

ते खड्ड्याकडे बघत राहिले. "नाही वाटलं. कशाचंच नाही वाटत. बाळ मांडीवर होतं तेव्हाही नाही."

तिने हात पुसले. "माहीत आहे मला. आठ महिने बघतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही आधी बोलाल म्हणून थांबले होते."

पुढच्या तपासणीला तिने कोपराने ढोसल्यावर काकांनी हेही डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. इकडे दोघांनी अख्खा दगड पहिल्या चकतीपासून पुन्हा घासला, खड्डा नाहीसा होईपर्यंत. त्यात आणखी तीन आठवडे गेले. दगड पार पातळ झाला.

वाचनालयाच्या सभागृहात हौशी दगडवाल्यांच्या मंडळाचं प्रदर्शन भरलं. मंडळाचे चिटणीस दगडावरून अंगठा फिरवत म्हणाले, "एकही दाणा हाताला लागत नाही! कसं केलंत?"

"हिला विचारा. बोटं हिची."

ती लाजली, मग चक्क पाच मिनिटं सुरकुत्यांबद्दल बोलली. काका बाजूला उभे होते. ही आनंदाची गोष्ट आहे हे त्यांना समजत होतं, लांबच्या गावी पाऊस पडल्याचं पेपरात वाचून समजावं तसं.

वर्ष उलटलं. उजव्या अंगठ्याला आता मुंग्या येतात. डॉक्टर म्हणतात, लक्षण चांगलं. बाकीच्याचं काय, असं मुलीने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अजून नाही." खोटं बोलणं त्यांनी सोडलंय. दोन वाजले की बायको गॅलरीतून हाक मारते, "अहो, पाणी सोडलंय मी. आज चकतीवर मी बसणार. तुम्ही नुसतं सांगा."

ते उठतात आणि जाऊन स्टुलावर बसतात.