आंबटाचा वैरी

आंबट चवीशी इतका उभा दावा मांडलेला माणूस साऱ्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि नशिबाने तो आमच्याच शेजारी राहायला होता. डोंबिवली तेव्हा लहान होती. एका बैठ्या घरात आम्ही दोन भाडेकरू, मध्ये कुडाची भिंत आणि पुढे सामाईक ओटी. अलीकडे आई आणि मी, पलीकडे मास्तर. ते कल्याणच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. वडील मी लहान असतानाच गेले होते, त्यामुळे आईला माझ्याशिवाय आणि मला आईशिवाय कोणी नव्हतं. मी ठाण्याच्या कचेरीत नुकता चिकटलो होतो.

मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात कायम लिटमसच्या निळ्या कागदाच्या पट्ट्या असत. कागद लाल झाला की वस्तू आंबट, आणि आंबट म्हणजे शरीराचा शत्रू, असा त्यांचा सरळ हिशेब होता. आंबटपणा मांसात मुरतो, मुरलेल्या जागी मांस नासतं आणि तिथे कॅन्सरची गाठ धरते, हे ते इतक्या शांतपणे सांगायचे की ऐकणाऱ्याने हातातली चिंच हळूच खाली ठेवावी. गवळ्याचं दूध, विहिरीचं पाणी, पाहुण्याच्या कपाळावरचा घाम, त्यांच्या कागदातून काही सुटलं नाही. कल्याणला एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी मठ्ठ्याच्या वाटीत पट्टी बुडवली आणि शेजारी बसलेल्या व्याह्यांना दाखवत म्हणाले, "बघा, लालभडक." मठ्ठ्यात कुणी काही कालवलं की काय या शंकेने वरपक्षाची अख्खी पंगत हात आखडून बसली. शेवटी मुलीच्या बापाने सगळ्यांसमोर दोन वाट्या मठ्ठा पिऊन दाखवला, तेव्हा कुठे जिलबी वाढता आली. मास्तर मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले, "मी विषारी म्हटलंच नाही. आंबट म्हटलं."

या वेडाचं मूळ आम्हाला ठाऊक होतं, म्हणून त्यांना कोणी फार हसत नसे. त्यांची पत्नी पोटातल्या गाठीने गेली होती. तिला कैरीचं लोणचं फार आवडायचं आणि कैऱ्या कल्याणच्या बाजारातून मास्तर स्वतः निवडून आणायचे. एवढंच त्यांनी एकदा आईला सांगितलं होतं, आणि पुन्हा कधी त्या विषयावर बोलले नाहीत.

आमच्या आईचा जीव आमसुलाच्या सारात. रविवारी सकाळी मास्तर ओटीवर येत, आईला जीभ दाखवायला सांगत आणि पट्टी टेकवत. पट्टी लाल झाली की आठवडाभर सार बंद, आणि वर सोड्याचं पाणी. आईने यावर तोड काढली होती. मास्तरांच्या वहाणा वाजल्या की ती पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन जिभेला लावायची. चुन्यापुढे लिटमसचं काय चालणार? पट्टी निळीच्या निळी राहायची. मास्तर खूश होऊन म्हणायचे, "वहिनी, तुमच्यासारखी प्रकृती मी पाहिली नाही." आई पदराआड हसायची आणि दुपारी पातेलंभर सार करायची.

एका रविवारी मास्तर जरा लवकर आले. आईने घाईघाईत चुना लावला आणि तो गालाला आतून लागला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मास्तरांनी पट्टी टेकवलीच नाही.

"वहिनी, चुना लावता होय?" ते म्हणाले. रागावले नव्हते. "लावा. पण एवढासा चुना इतका झोंबायचं कारण नाही. कुठे झोंबला?"

आई म्हणाली, "काही नाही हो, मिश्री लावते त्या बाजूला जरा सोललंय. जुनंच आहे."

"जुनं म्हणजे?"

"गणपतीपासून असेल."

तेव्हा होळी जवळ आली होती. मास्तर आत जाऊन बॅटरी घेऊन आले, आईच्या तोंडात बराच वेळ पाहत राहिले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, उद्या कचेरीला जाऊ नकोस. आईला मुंबईला न्यायचंय."

आई घाबरली. म्हणाली, "आधी तुमचा सोडा घेऊन बघते ना मास्तर."

"सोडा नको, वहिनी," मास्तर म्हणाले. "सोडा हा माझा नाद आहे. हे डॉक्टरांचं काम आहे."

ज्या गोष्टीवर त्यांची सारी श्रद्धा होती ती त्यांनी माझ्या आईसाठी एका वाक्यात बाजूला ठेवली. या एका वाक्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

मुंबईला तपासल्यावर ते सोललेलं कॅन्सरचंच निघालं, पण गाठ लहान होती. डॉक्टरांनी गाठ जाळायला रेडियमच्या सुया लावल्या. तंबाखूची ती मिश्री बंद केली. शाळेतून रजा काढून मास्तर रोज दवाखान्याच्या बाकावर बसून असत. एके दिवशी धीर करून त्यांनी डॉक्टरांना आंबटाचं विचारलं. डॉक्टर वयाने तरुण, पण समजूतदार होते. म्हणाले, "गाठीच्या आजूबाजूचं मांस आंबट होतं हे खरं आहे, मास्तर. पण तो आंबटपणा गाठ स्वतःच तयार करते, आणि कदाचित त्याच्या जोरावर आणखी हातपाय पसरते. ताटातल्या आंबटाचा त्यात काही हात नाही. ते शरीर पचवून टाकतं."

"म्हणजे कैरीचं लोणचं?" मास्तरांनी विचारलं.

"खुशाल खा," डॉक्टर म्हणाले. मास्तर तिथून उठून खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ फिरवून उभे राहिले.

आई बरी झाली. तोंडाला चव आल्यावर तिने पहिलं काय केलं असेल, तर सार. मास्तरांपुढेही एक वाटी ठेवली. सवयीने त्यांनी पट्टी काढून बुडवली. ती लाल झाली. तिच्याकडे पाहत ते म्हणाले, "म्हणजे माझ्या कैऱ्यांनी नाही गेली ती."

"नाही हो, भावोजी," आई म्हणाली. आजवर तिने त्यांना मास्तरच म्हटलं होतं. त्यांनी पट्टी ताटाखाली सारली आणि वाटी तोंडाला लावली.

त्यानंतर दर उन्हाळ्यात मास्तर कल्याणहून कैऱ्या आणायचे आणि आई त्यांच्या पत्नीच्या पद्धतीने लोणचं घालायची. मुंबईच्या त्या फेरीमुळे मला आई कितीतरी वर्षं जास्त लाभली. तिने सून पाहिली, नातवंडं खेळवली. ती म्हातारपणाने गेली, त्या उन्हाळ्यातही मास्तर पिशवी घेऊन ओटीवर आले. "सवयीने आणल्या रे," म्हणाले. माझ्या बायकोने लोणचं घातलं. ते काही आईसारखं जमलं नाही. मास्तरांनी ते दोनदा मागून घेतलं.